तंकमणीची फाईल

पंधरा वर्षं तंकमणीचे कागद माझ्या कपाटात होते, जरीच्या साड्यांच्या खाली. शाळेचा दाखला, नर्सिंगचा डिप्लोमा, नोंदणीचं प्रमाणपत्र, पहिल्या नोकरीचा अनुभवाचा दाखला. निळी प्लास्टिकची फाईल, वर पांढरी नाडी. तिच्या घरात कपाट नव्हतं असं नाही. सासूच्या आजारपणात घरात माणसांची ये-जा वाढली, तेव्हा एक दिवस ती फाईल घेऊन आली आणि म्हणाली, "टीचर, हे तुमच्याकडे ठेवा. दागिने गेले तर पुन्हा करता येतात." मी ठेवले. माझ्या कपाटाचं कुलूप बरं होतं आणि घरात मी एकटी.

नडियादमध्ये मला टीचर म्हणणारी ती एकटीच. बाकी सगळं गाव मला बेन म्हणतं. तेहतीस वर्षं मी इथल्या मुलींना प्राणिशास्त्र शिकवलं, तरी बेनची टीचर कोणी केली नाही. तिच्या गावाकडे, आलप्पुळ्याच्या बाजूला, शिकवणाऱ्या बाईला तसंच म्हणतात. तिचं नाव मात्र इथे कोणाच्या जिभेला झेपलं नाही. सोसायटीत ती मणीबेन, आणि ज्यांना तिने कधी सलाईन लावलं त्यांच्यासाठी सिस्टर. आमच्या चौसष्ट घरांत तिच्या हातची सुई न खाल्लेलं माणूस शोधावं लागेल.

ती इथे आली तेव्हा एकवीस वर्षांची होती. एका खाजगी हॉस्पिटलात लागली. त्या काळी केरळातून पोरी यायच्या, तीन वर्षांचा बाँड लिहून द्यायच्या, आणि डॉक्टर त्यांचे अस्सल कागद आपल्या लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवायचे. पोरगी मध्येच पळू नये म्हणून. सगळेच ठेवायचे, कोणाला त्यात काही गैर वाटायचं नाही. दुसऱ्या वर्षी तंकमणीला अहमदाबादला सरकारी नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. अस्सल कागद दाखवावे लागणार होते. डॉक्टर म्हणाले, बाँड संपला की ये.

खाली हॉस्पिटलच्याच औषधांच्या दुकानात हरिवदन नावाचा मुलगा काउंटरवर असायचा. गोरा, किडकिडीत, सतत गालात हसणारा. तिने त्याच्यापुढे रडारड केली नाही, नुसतं सांगितलं. चार दिवसांनी हा ऑफिसात गेला, म्हणाला तपासणीवाल्यांना नर्सचे दाखले बघायचेत, आणि फाईल घेऊन निघाला. तसाच बडोद्याला गेला. तेव्हा रंगीत झेरॉक्स तिथे एकाच दुकानात निघायची. संध्याकाळी रंगीत झेरॉक्स प्लास्टिकात घालून फाईल डॉक्टरांच्या कपाटात परत, आणि अस्सल कागद कापसाच्या खोक्यात घालून हिच्या हातात.

"डॉक्टरांना कळलं नाही?" असं कोणीतरी दरवेळी विचारायचंच. ही गोष्ट ती दर उत्तरायणला गच्चीवर सांगायची. पतंग उडवून दमलेली पोरं भोवती बसायची आणि तिची तोरल सगळ्यांत पुढे. "अम्मा, खोक्याची गोष्ट."

"डॉक्टर काय, डोळ्यांनी बघणार," तंकमणी म्हणायची. "डोळ्यांनी कळत नाही. अंगठ्याने कळतं. खऱ्या कागदावर शिक्का उठलेला असतो. झेरॉक्समध्ये शिक्का दिसतो, लागत नाही." मग ती हवेतच अंगठा फिरवून दाखवायची, आणि हरिवदन ऊंधियूची बशी हातात धरून लाजायचा.

ती सरकारी नोकरी मिळाली नाही. हरिवदन मिळाला.

लग्न कोणालाच नको होतं. तिचे वडील सहा वर्षं बोलले नाहीत. हरिवदनच्या आईने, बांनी, वर्षभर तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. त्यात दुकानातली सवय म्हणून ही नवऱ्याला सासूसमोर 'हरिभाई' म्हणून बसली. नणंद रमिलाने ते गावभर केलं. मग तिने आपल्याकडच्या रीतीने 'चेट्टा' सुरू केलं. रमिलाने त्याचाही अर्थ कुठून तरी काढला आणि म्हणाली, "म्हणजे पुन्हा मोठा भाऊच! भाभी, एकदा तरी ह्याला नवरा म्हणा." तंकमणी हसली. तेव्हा ती पुष्कळ गोष्टींवर हसायची. मासे सोडले, नारळाचं तेल सोडलं, खिचडी-कढी शिकली. मासे फक्त रविवारी नर्सेसच्या होस्टेलवर, आणि घरी येण्याआधी दोनदा तोंड धुऊन. पुढे बा अर्धांगवायूने तीन वर्षं अंथरुणावर होत्या, तेव्हा त्यांनी तिच्या हातचं पाणीही घेतलं आणि बाकीचंही सगळं तिच्याच हातून करून घेतलं. हरिवदनने स्वतःचं दुकान टाकलं तेही तिच्या पगारावर उभं राहिलं. हे मी सांगते आहे. ती कधी बोलली नाही.

तोरल एकुलती एक. दिसायला बापासारखी, केस आईचे. ती आठवीत होती तेव्हापासून तंकमणीचं ठरलेलं होतं: बी.एस्सी. नर्सिंग, तेही केरळात. तिच्या गावात घरटी एक नर्स. एक आयर्लंडला, दोन कुवेतला, एक जर्मनीत जर्मन शिकते आहे. त्यांच्याकडे नर्सिंगला कोणी त्याग-सेवा वगैरे म्हणत नाही. मुलीचे पाय म्हणतात. उभं राहायला आणि निघून जायला.

आमच्या चरोतरात, ह्या नडियादच्या पट्ट्यात, परदेशाचं वेड काही कमी नाही. पण आमच्याकडे मुलगा जातो आणि मुलगी त्याच्यामागून जाते. रमिलाने, तोरलच्या फोईने म्हणजे आत्याने, एका रविवारी हांडवो कापता कापता ते तोंडावरच सांगितलं. मी तिथेच जेवायला होते.

"मणीभाभी, तुमच्याकडे मुलींना नोकरी परदेशी नेते. आमच्याकडे नवरा नेतो. काय वाईट आहे?"

"नोकरीने नेलेली मुलगी भांडण झालं तर तिकीट काढून परत येते," तंकमणी म्हणाली. "नवऱ्याने नेलेलीचा पासपोर्ट नवऱ्याच्या ड्रॉवरमध्ये असतो."

"म्हणून काय आमच्या तोरलने परक्यांची बेडपॅन उचलायची?"

"बांची उचलली तेव्हा तुम्ही दाराबाहेर नाकाला पदर लावून उभ्या होतात, रमिलाबेन. म्हणून तुम्हाला ते फार मोठं काम वाटतं."

फोईने सुरी खाली ठेवली. हरिवदन म्हणाला, "अरे, गरम आहे तोवर खा ना." तो नेहमी असंच काहीतरी म्हणायचा. ह्या माणसाने कोणाला 'नाही' म्हटलेलं मी एवढ्या वर्षांत ऐकलं नाही. गिऱ्हाइकाला हवं ते औषध दुकानात नसलं तरी हा 'नाही' म्हणायचा नाही, 'उद्या' म्हणायचा.

त्याच्या मनात काय आहे ते मात्र सगळ्यांना माहीत होतं. औषधांच्या दुकानात भिंतीवर फार्मासिस्टचं प्रमाणपत्र टांगावं लागतं. त्याच्या भिंतीवर कोण्या भट्टभाईचं टांगलेलं होतं, ज्यांना गिऱ्हाइकांनी कधी पाहिलं नव्हतं आणि ज्यांच्या घरी दर महिन्याला पाकीट जायचं. तोरलने जवळच्याच विद्यानगरला फार्मसी करावी, तिचं नाव त्या चौकटीत यावं, एवढंच त्याचं स्वप्न. तो ते तोरलच्या वाढदिवसाला केक कापताना बोलायचा, हसत हसत. पण बारावीचा निकाल लागला आणि तंकमणीने सरळ विचारलं, तेव्हा म्हणाला, "तुझी मुलगी आहे, मणी. तुला योग्य वाटेल ते कर."

तिने मला येऊन सांगितलं, "टीचर, चेट्टा हो म्हणाले." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "आणि तोरल?" ती म्हणाली, "तीही हो म्हणाली. ती कधी नाही म्हणते?"

तिथे मी अडवायला हवं होतं. तेहतीस वर्षं सतरा-अठराच्या मुली बघितल्या मी. जी मुलगी कधीच नाही म्हणत नाही तिला दोनदा विचारावं, एवढं तरी मला ठाऊक होतं. मी चहा टाकला.

कोट्टयमजवळच्या एका कॉलेजात तंकमणीच्या भावाने खटपट करून जागा धरली. अमुक तारखेला एक वाजेपर्यंत अस्सल कागद घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. तंकमणीने तोरलचे सगळे कागद एकत्र केले, दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळेचा दाखला, आणि हिरव्या फाईलमध्ये घालून माझ्याकडे आणले.

"निघायच्या दिवसापर्यंत राहू द्या. आणि टीचर, कोणालाही देऊ नका. चेट्टांनी मागितले तरी."

"हो म्हणाला ना तो?"

"हो म्हणाले. पण रमिलाबेन रोज येतात."

निघायच्या सहा दिवस आधी दुपारी तोरल आली. मी छुंद्यासाठी कैऱ्या किसत होते, दोन्ही हात कोपरापर्यंत माखलेले. "मासी, अम्माने फाईल मागितलीय. झेरॉक्स काढून ठेवायच्यात, मामा म्हणाले तीन-तीन लागतील." मी मानेनेच कपाट दाखवलं. किल्ली माझ्या कमरेला होती, तीही तिनेच काढून घेतली. चार वाजता फाईल परत आली, तिनेच जागेवर ठेवली, किल्ली माझ्या कमरेला खोचली, आणि किसाची चिमूट तोंडात टाकून गेली. "मासी, साखर कमी आहे."

कोणालाही देऊ नका, असं सांगितलं होतं. कोणालाही म्हणजे हरिवदनला, असं मी धरून चालले. मुलगी त्यात येते हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ज्या बाईला लोक शिकलेली म्हणतात तिची ही गत.

गाडीची तिकिटं हरिवदनने स्वतः काढली, खालची दोन. बडोद्याला स्टेशनवर सोडायलाही तोच गेला. थेपल्यांचा डबा, दह्याची मिरची, पाण्याच्या बाटल्या. गाडी हलायच्या आधी खिडकीशी उभा राहून म्हणाला, "मणी, फाईल घेतलीस ना? उशाशी ठेव. लोक फार लबाड असतात."

हे तंकमणीने मला नंतर सांगितलं, तेव्हा तिने ते वाक्य दोनदा म्हटलं.

दीड दिवसाचा प्रवास. मंगळूर गेल्यावर तिने वीस वर्षांत पहिल्यांदा लाज न बाळगता मासा विकत घेतला आणि मुलीसमोर बसून खाल्ला. तोरलला म्हणाली, "चार वर्षांत तुला पण सवय होईल." तोरल खिडकीबाहेर बघत होती. तंकमणीने तिला होस्टेलचं सांगितलं, पहिल्या ड्यूटीचं सांगितलं, पायांना सूज येते तेव्हा रात्री मीठपाण्यात ठेवायचे ते सांगितलं. तोरल हो हो म्हणत होती.

कॉलेजच्या काउंटरवर अकरा वाजता त्यांचा नंबर आला. भाऊही बरोबर होता. पलीकडच्या कारकुनाने फाईल उघडली, पहिला कागद उजेडात धरला, मग दुसरा. त्याने काही बोलायच्या आधीच तंकमणीने हात पुढे करून शाळेच्या दाखल्यावरून अंगठा फिरवला. शिक्का दिसत होता, लागत नव्हता. तिने सगळे कागद एकेक करून घेतले आणि सगळ्यांवरून अंगठा फिरवला.

"अस्सल कुठेत?" कारकून म्हणाला. "एक वाजेपर्यंत आणा. नाहीतर मी काही करू शकत नाही."

तंकमणीने पर्समधून फोन काढला. तोरलने तिचा हात धरला.

"पप्पांना करू नकोस. मी बदलले."

पुढचं मला तोरलनेच सांगितलं, बऱ्याच दिवसांनी, माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसून. ती म्हणाली, अम्मा ओरडेल असं वाटलं होतं. अम्मा फक्त म्हणाली, "तुला कोणी शिकवलं हे?"

"तूच. खोक्याची गोष्ट."

भाऊ मध्ये पडला, मल्याळममध्ये काहीतरी जोरात बोलला. तंकमणीने त्याला हाताने थांबवलं. व्हरांड्यातल्या बाकावर बसली आणि मुलीला समोर उभी केली.

"तुला विचारलं होतं मी. हो कोण म्हणालं?"

"तू विचारत नव्हतीस, अम्मा. तू सांगत होतीस."

"मग तेव्हा सांगायचं."

"काय सांगणार? तुझे पाय बघून बघून मला नर्स व्हायचं नाही, असं सांगू? तुझ्या तोंडावर?"

"इथपर्यंत आणलंस मला," तंकमणी म्हणाली. "छत्तीस तास."

तोरल मला म्हणाली, "मासी, मला वाटलं काउंटरवालाच नाही म्हणेल. म्हणजे मला म्हणावं लागणार नाही." बापाची मुलगी. अस्सल कागद त्याच दुपारी हरिवदनच्या दुकानात पोचले होते आणि दुसऱ्या दिवशी विद्यानगरच्या कॉलेजात भरले गेले होते. कल्पना तिची. स्कूटर बापाची.

एक वाजला. जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. तंकमणी म्हणते, ती मुलगी तिथेच रांगेत उभी होती, आईचा पदर धरून, आणि तिचा नंबर लागला तेव्हा दोघी रडल्या. तंकमणीने त्यांना पाण्याची बाटली दिली.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला माझी घंटी वाजली. दारात तंकमणी, प्रवासाच्या साडीतच. तोरल बॅग घेऊन सरळ वर गेली होती. मागून जिन्यात हरिवदन, हातात थेपल्यांचा रिकामा डबा.

"मणी, घरी चल ना. बेनला कशाला त्रास?"

ती आत येऊन बसली. तोही येऊन बसला, कारण उभं राहणं त्याला जमेना. मला जा म्हणून कोणी सांगितलं नाही आणि मीही गेले नाही.

"तुम्ही हो म्हणालात," ती म्हणाली.

"म्हटलं." तो डब्याचं झाकण लावत-काढत होता. "मणी, एकच मुलगी आहे. तुझ्या गावात मी बघितलं नाही का? पाच खोल्यांचं घर, त्यातल्या चार बंद. म्हातारा-म्हातारी आणि समोर फोन उभा करून ठेवलेला. मला तसं नाही जगायचं."

खोटं नव्हतं ते. मीही ती घरं ऐकून आहे. माझा स्वतःचा मुलगा मला आठवड्यातून एकदा त्याच फोनमध्ये दिसतो.

"हे मला बोलला असतात तर?"

"तू ऐकलं असतंस?"

"भांडले असते."

"तेच तर."

"मग भांडायचं होतं, चेट्टा. लोक भांडतात." तिचा आवाज चढला नाही. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलते तसा तो होता, आणि मला तोच नको झाला. "तिकिटं काढलीत. थेपले दिलेत. फाईल उशाशी ठेव म्हणालात."

तो जरा हसला, तेच गालातलं हसू. मला वाटतं त्याला खरंच वाटलं होतं की हे आता हसण्यावारी जाईल. "अगं, डॉक्टरांच्या कपाटातून मी असेच काढले होते ना? तेव्हा किती हसलीस. वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलीस."



"तेव्हा तुम्ही माझे कागद मला आणून दिलेत," ती म्हणाली.

हरिवदनने डबा खाली ठेवला, उचलला, आणि दुकान उघडायचं आहे असं म्हणून गेला.

तोरल आता फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासात बरी आहे, आनंदात आहे. घरात कोणी कोणाशी अबोला धरलेला नाही. तंकमणी डबे भरते, ड्यूटीला जाते, सणाला सासरची सगळी कामं करते. दोन उत्तरायणं झाली. गच्चीवर कोणा पोराने खोक्याची गोष्ट मागितली तर म्हणते, "मला आता आठवत नाही रे, तोरलदीदीला विचार." मुलीला ती हल्ली प्रत्येक गोष्ट विचारते. भात घालू का, दिवा बंद करू का, मी बसू का इथे. तोरल परवा माझ्याकडे येऊन म्हणाली, "मासी, तिला सांगा ना असं नको करू." मी म्हटलं, तूच सांग, आता तुला सांगता येतं.

नर्सिंग चांगलं का फार्मसी, ह्यात मला पडायचं नाही. दोन्ही कामंच आहेत.

पण त्या दिवशी हरिवदन गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. मी म्हटलं, "तंकमणी, फाईल मीच दिली. तू बजावलं होतंस." सांगताना मी कैऱ्यांचं सांगितलं नाही. हात माखलेले होते हे कारण होत नाही.

"माहीत आहे, टीचर. तोरल गाडीत बोलली." मग म्हणाली, "माझी निळी फाईल देता?"

मी कपाट उघडलं, साड्या उचलल्या आणि फाईल तिच्या हातात दिली. पंधरा वर्षांत त्या फाईलला मी हात लावला नव्हता, साड्यांना ऊन दाखवायला काढायची तेव्हा सोडून. मला वाटलं ती घेईल आणि जाईल. ती खुर्चीत बसली, नाडी सोडली, कागद मांडीवर घेतले. एकेक कागद काढून, जिथे जिथे शिक्का होता तिथे तिने अंगठा फिरवला, सावकाश, माझ्यासमोर. मी कपाटाचं दार धरून उभी होते.

शेवटचा कागद आत घालून तिने नाडी बांधली आणि फाईल ड्यूटीच्या पिशवीत ठेवली.

"बरोबर आहेत, टीचर," ती म्हणाली.